मशालजीच्या पोरीचं पुढं काय झालं

ऐतिहासिक कादंबरीत कोणी खोकत नाही, हा माझ्या आईचा कायमचा आक्षेप होता. महालात धूप जळतो, भुयारात पलिते धुरकटतात, घोडदळ धुरळा उडवत जातं, पण ठसका म्हणून कोणाला लागत नाही. आई लग्न झाल्यापासून विड्या वळत आली होती, त्यामुळे खोकला हा तिचा घरचा विषय. "यांच्या छात्या काय लोखंडाच्या हायेत का गं?" असं ती विचारायची, आणि माझी आत्या पुस्तकातून मान वर न काढता म्हणायची, "सरदारांना खोकला शोभत नाही, वहिनी."

हे सत्तरच्या दशकातलं नाशिक. आमची बौद्ध वस्ती, बैठ्या चाळी, मधोमध लिंबाचं झाड. वडील ओझरच्या विमान कारखान्यात हेल्पर होते. त्यामुळे नातेवाइकांत आमची वट होती, कारण वडील विमानं बनवतात असा सगळ्यांचा समज होता आणि वडिलांनी तो कधी खोडून काढला नाही. प्रत्यक्षात ते सुट्या भागांच्या पेट्या एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये नेत. विमानात ते कधी बसले नाहीत.

आत्या त्यांची धाकटी बहीण. तिला चांदवडजवळच्या एका खेड्यात दिली होती. दोन वर्षांत ती पत्र्याची ट्रंक घेऊन आमच्या दारात उभी राहिली. लोक म्हणायचे, नवऱ्यानं टाकली. आत्या म्हणायची, "त्यानं नाही टाकली, मी त्याला टाकला. घर त्याचं होतं म्हणून निघावं मला लागलं, एवढंच." सातवी शिकलेली होती. आमच्या वस्तीतल्या बायकांत सातवी म्हणजे बॅरिस्टरच.

वस्तीतल्या निम्म्या बायका विड्या वळायच्या. सकाळची कामं उरकली की ओल्या पोत्यात गुंडाळलेली पानं, तंबाखू आणि कात्री असं सगळं सुपात घेऊन लिंबाखाली बसायच्या. हात आपोआप चालायचे, डोकं मोकळं राहायचं, आणि मोकळ्या डोक्यात भांडणं शिजायची. आत्या आली तेव्हा नळाच्या पाण्यावरून दोन घरांचं बोलणं बंद होतं आणि तिसरं घर दोघांकडे चहा पीत होतं. त्यावर उपाय म्हणून की नुसतं करमत नव्हतं म्हणून कोण जाणे, तिनं एक दिवस पुस्तक आणलं आणि मोठ्यानं वाचायला लागली.

पण वाचणारीचे हात पुस्तकात अडकतात. मग तिच्या विड्या कोण वळणार? यावर बैठक झाली नाही की चर्चा झाली नाही. दुसऱ्या दिवशी आईनं आत्याच्या सुपातली मूठभर पानं उचलून आपल्या सुपात टाकली. तिचं पाहून बाकीच्यांनीही उचलली. तेव्हापासून रिवाज पडून गेला. आत्यानं पुस्तक उघडलं की तिची पानं उचलायची आणि संध्याकाळी तिच्या वाट्याच्या विड्या वळून तिच्या सुपात परत टाकायच्या. विड्या तपासून घेणाऱ्या माणसाला याचा पत्ता नव्हता. तो म्हणायचा, "बाई, तुमची प्रत्येक जुडी वेगळी कशी दिसते?" आत्या म्हणायची, "रोजचा मूड वेगळा असतो."

वडिलांचं म्हणणं, वाचायचंच आहे तर विचारांचं काही वाचा. त्यांनी एक जाडजूड पुस्तक आणून दिलं. आत्यानं ते आठवडाभर निष्ठेनं वाचलं. बायकांनीही घरातल्या तसबिरींचा मान राखून ऐकलं. पण त्या आठवड्यात दोघींना बसल्या बसल्या डुलक्या लागल्या आणि एकीनं कात्रीनं बोट कापून घेतलं. मग आत्या गुपचूप जाऊन भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानातून एक ऐतिहासिक कादंबरी घेऊन आली. तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली, त्यामुळे वडिलांना बरेच दिवस ती विचारांचीच वाटली.

कादंबरी तशी सरळ होती. एक सरदार, एक शत्रूची मुलगी. चांदणं जवळजवळ रोज पडायचं. नायिका घडीघडीला मूर्च्छित व्हायची, आणि तिच्या पायात काटा रुतला तर तो काढायला सरदार घोड्यावरून उतरायचा आणि अख्खं प्रकरण तो काटा निघायचा नाही. "माझ्या पायात खिळा गेला तवा तुझा भाऊ म्हनला, लंगडत चल, बस जाईल," आई म्हणाली. सगळ्या हसल्या, आणि पुन्हा काट्याचं पुढं काय होतं ते ऐकायला लागल्या.

या दोघांच्या चिठ्ठ्या इकडून तिकडे न्यायला आणि भुयारात त्यांच्या पुढं मशाल धरून चालायला एक पोर होती. आठ-नऊ वर्षांची, काळीसावळी. मशालजीची पोर. तिला नाव नव्हतं. लेखकानं घोड्याला नाव दिलं होतं, तलवारीला दिलं होतं, या पोरीला द्यायचं तेवढं राहून गेलं.

मशालजी आपल्यातला, असं पुस्तकात कुठं लिहिलेलं नव्हतं. बायकांनी ते पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. सगळे आत जातात आणि जो दाराबाहेर उभा राहतो तो आपला, हे कळायला त्यांना लेखकाची गरज नव्हती. त्यामुळे सरदार आणि नायिका महालात शिरले, दार लागलं, आत्याचा आवाज मऊ झाला, की कोणीतरी हमखास विचारायचं. बहुतेक वेळा नामपूरकडून लग्न होऊन आलेली आमची शेजारीण. तिची अहिराणी काही सुटली नव्हती. "ते ऱ्हाऊ दे वो. ती पोर कोठे शे?"

आत्या क्षणभर थांबायची. मग बोट ओळीवर ठेवून वाचायची: "मशालजीची पोर दाराबाहेर पायरीवर बसली होती. मशालीचं तेल संपत आलं होतं. आतून हसण्याचे आवाज येत होते, आणि तिला भूक लागली होती." बायका चुकचुकायच्या. मग पोर मुदपाकखान्यात जाऊन लाडू पळवायची. आचारी मागे लागायचा. ती पळता पळता हेराच्या पायात पाय घालायची आणि राज्य वाचायचं. तिकडे महालात काय झालं हे विचारायचं कोणाच्या लक्षातही राहायचं नाही. न्यायला दिलेल्या चिठ्ठ्यांवरची अक्षरं पाहून पाहून ती पोर वाचायलाही शिकली. त्या दिवशी आईनं आपल्या सुपावर विडी ठेवता ठेवता माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी निमूट उठून पाटी घेतली.

मला तेव्हा वाटायचं, जगात यासारखं पुस्तक नाही.

शेवटी सरदाराचं आणि शत्रूच्या मुलीचं लग्न लागलं. तोफा झाल्या, हत्तीवरून साखर वाटली. आत्यानं पुस्तक मिटलं. आई म्हणाली, "ते झालं त्यांचं. पोरीचं पुढं काय झालं?"

"एवढंच आहे, वहिनी."

"असं कसं? लग्न लागलं म्हंजी तिला काय कामावरनं काढलं?"

हा प्रश्न आईला पुढं कित्येक वर्षं चिकटून राहिला. भाकरी थापताना मध्येच म्हणायची, त्या पोरीचं काय झालं असंल गं. जणू आमच्याच चाळीतली कोणीतरी, मुंबईला गेली आणि पत्र नाही.

मी आठवीत गेले तेव्हा वडिलांच्या वर्गणीवर मला त्या भाड्याच्या दुकानातून पुस्तकं आणायची परवानगी मिळाली. पहिलं आणलं ते हेच. आता डोळ्यांनी वाचायचं म्हणून अंगण झाडून घेतलं, हातपाय धुतले आणि लिंबाखाली बसले. काटा होता. चांदणं होतं. महालाचं दार लागलं. पोर पायरीवर बसली नाही. तिला भूकही लागली नाही. लाडू नाही, आचारी नाही, हेर होता पण तो आपला आपणच पडला. अख्ख्या पुस्तकात पोर चार-पाच ठिकाणी आली आणि प्रत्येक ठिकाणी तिला "बाहेर थांब" असं सांगण्यात आलं. ती थांबली.

मी तडक दुकानात गेले आणि मालकाला म्हटलं, यातली पानं गेलीत.

मालकानं चष्मा लावून पुस्तक चाळलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत आकडे पाहिले. "सगळी आहेत की."

"नाहीत. लाडवाचं पान नाही. वाचायला शिकते ते तर पूर्ण प्रकरणच नाही."

"कोण वाचायला शिकते?"

"मशालजीची पोर."

त्या माणसानं आयुष्यभर कादंबऱ्या भाड्यानं दिल्या होत्या, पण या नावाचं पात्र त्याला आठवेना. शेवटी म्हणाला, "बाळ, तू दुसरं कुठलं तरी पुस्तक वाचलं असशील." मी चिडून घरी निघाले. अर्ध्या रस्त्यात माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी भर रस्त्यात उभी राहिले. मागून सायकलवाला ओरडला.

घरी आले तर आत्या लिंबाखाली वाचत होती. दुसरंच पुस्तक, दुसरा सरदार. त्याच्या पागेतही घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराची एक म्हातारी आता भलतीच तरतरीत झाली होती. मी आत्याकडे पाहिलं. तिनं माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. तिनं पान उलटलं. मी पुस्तक पाठीमागं धरलं. बायकांना कशाला सांगायचं? मला तिचा राग आला नाही. लेखकाचा मात्र आला, तो अजून आहे.

मध्ये काही वर्षं गेली. आत्यानं बाहेरून दहावी दिली, एकदा गणितात आपटली, पुन्हा दिली आणि पास झाली. बालवाडीचा कोर्स केला. विड्या चालूच होत्या, आणि आता तिलाही खोकला लागला होता. वाचताना मध्ये थांबायची, पदर तोंडाला लावायची. आई तिच्याकडे पाहायची नाही, हातातली विडी जरा जास्तच घट्ट वळायची.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. एक दिवस त्या दुकानाच्या फळ्यावर नवीन पुस्तकांत दुसऱ्या भागाची जाहिरात दिसली. त्या सरदाराच्या कादंबरीचा दुसरा भाग. आणि खाली लिहिलं होतं, मशालजीच्या मुलीची थरारक प्रेमकहाणी. मला खरंच गहिवरून आलं. लेखकाला उशिरा का होईना सुचलं. मालकानं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "पानं आत्ताच मोजून घ्या."

वस्तीत बातमी पसरली. आईला तर आनंद झाला, पण आश्चर्य मुळीच वाटलं नाही. "लिहिनारच ना," ती म्हणाली. "अख्खं पुस्तक तिच्यावर चाललं व्हतं."

याच आठवड्यात आणखी एक घडलं. शहरातल्या एका महिला मंडळाच्या अध्यक्षबाई आमच्या वस्तीत साक्षरतेचा वर्ग बघायला आल्या होत्या. लिंबाखाली आत्याचं वाचन त्यांच्या कानावर पडलं आणि त्या छत्री मिटून उभ्याच राहिल्या. "किती शुद्ध वाचता हो तुम्ही! तुम्ही इथल्या वाटतच नाही." त्यांना हे कौतुकच वाटत होतं. बंगल्यांच्या कॉलनीत त्यांच्या मंडळाची बालवाडी होती, तिथं एक बाई हवी होती. आत्यानं बालवाडीचा कोर्स केलाय म्हटल्यावर त्यांनी तिथल्या तिथं विचारलं. सोमवारी पालकांची सभा, त्यात ओळख करून देऊ, लगेच कामाला लागा.

निघताना त्यांनी आत्याला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्याजवळ, कारण आमच्याकडे बाजूला अशी जागा नसते. "एक छोटीशी गोष्ट. आडनाव तेवढं... गावाच्या नावाला 'कर' जोडला की झालं. मी हे काही मानत नाही हो. पण पालक कसे असतात, तुम्हाला माहीतच आहे." आणि कोणी विचारलंच तर राहायला पंचवटीत म्हणून सांगावं, असंही त्यांनी सुचवलं. पंचवटीत कुठं, ते मात्र आत्यावर सोडलं.

घरात दोन तट पडले. वडील म्हणाले, नाही. आडनाव लपवायचं होतं तर मग आपण इतकं शिकलो कशाला, सभांना गेलो कशाला. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला आणि शेजारची कढी उतू गेली. आई म्हणाली, जायचं. "नाव काय चाटायचंय? तिची छाती बघ. रात्रीची कशी खोकती ते तुला ऐकू येत नाय, तू घोरतो. नाव बदलून ती तंबाखूतनं सुटनार असंल तर एकदा सोडून दहा वेळा बदल म्हनावं."

मी आत्याला आरशासमोर केस विंचरताना पाहिलं. ओठांतल्या ओठांत ती ते नवं आडनाव म्हणून बघत होती. नावापुढं 'बाई' लावून, मुलं हाक मारतील तसं. म्हणत होती आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडत होतं. तिला त्या बालवाडीत जायचं होतं. भावाच्या घरात दहा वर्षं काढली होती तिनं, कोणी काही बोललं नव्हतं, तरी दहा वर्षं काढली होती. स्वतःचा पगार, स्वतःची खोली, आणि धुतलेल्या हातांना तंबाखूचा वास नाही. वडिलांनी शेवटी विचारलं, तुझं काय म्हणणं? ती म्हणाली, "पुस्तक संपू द्या. मग सांगते."

पुस्तक रोज चाललं होतं. मशालजीची पोर मोठी झाली होती, वीस वर्षांची. पहिल्याच पानावर लेखकानं तिला नाव दिलं. चांगलं लांबलचक, फुलाचं. आणि तिची कांती केतकीसारखी होती.

"थांब," आई म्हणाली. "ही गोरी कवा झाली?"

"मोठी झाल्यावर रंग उजळतो कोणाकोणाचा," दुसरी एक म्हणाली.

"मशालीच्या धुरात?"

मला तेव्हाच संशय आला होता. ऐतिहासिक कादंबरीत रंग उगीच उजळत नाही. त्यामागे काहीतरी खानदानी कारण असतं.

आता तिच्यावर एक तरुण सेनापती भाळला. तीही त्याच्यावर. चांदणं पुन्हा सुरू झालं. बायका मनापासून खूश होत्या. आपल्या पोरीसाठी आता कोणीतरी घोड्यावरून उतरत होतं. नामपूरची शेजारीण तर रोज येताना विचारायची, "आज काय व्हयनं तिचं?" आत्या यावेळी पदरचं फारसं घालत नव्हती, घालायची गरजच नव्हती. पोर आपणहून प्रत्येक पानावर होती. ही एकदाची आत गेली होती. दाराबाहेर कोणी दुसरीच मशाल धरून उभी होती, तिला नाव नव्हतं, पण तिच्याविषयी त्या आठवड्यात कोणी विचारलं नाही.

रविवारी शेवटचं प्रकरण आलं. सोमवारी सभा होती. वडील घरीच होते. पेपर तोंडासमोर धरून ओट्यावर बसले होते, पण पेपरचं पान काही उलटत नव्हतं. आत्यानं पुस्तक उघडलं. बायकांनी तिच्या सुपातली पानं उचलली.

सेनापतीच्या घरचे मशालजीच्या मुलीला सून म्हणून घ्यायला तयार नव्हते. दरबार भरला. पोर खाली मान घालून उभी. इतक्यात थोरल्या मासाहेबांची नजर तिच्या खांद्यावरच्या लाल खुणेवर गेली, आणि त्या किंचाळून आसनावरून उठल्या. वीस वर्षांपूर्वी वेढ्याच्या धामधुमीत हरवलेली सरदारघराण्याची लेक ती हीच. मशालजीला ती रस्त्यात सापडली होती. मशालजी थरथरत पुढं आला, त्यानं कबुली दिली, त्याला सोन्याचं कडं बक्षीस मिळालं आणि तो पुस्तकातून बाहेर गेला. पोरीनं आपलं खरं घराणं ओळखलं, आनंदाश्रू ढाळले, आणि सगळा विरोध मावळला. लग्न. तोफा. साखर.

आत्यानं हे सगळं एका सुरात वाचलं. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही, माझी नजर पानावरच होती. मग तिनं पुस्तक मिटलं आणि मांडीवर ठेवलं.

कात्र्या थांबल्या होत्या.

मग आई म्हणाली, "तिची आई कुठं गेली?"

"कोणती?"

"मशालजीची बायको. तिनं वाढवली ना हिला? भाकरी घातली, न्हाऊमाखू घातलं. ती दरबारात नाय आली? हिनं तिचं नाव बी नाय काढलं?"

"नाही," आत्या म्हणाली.

"म्हंजी आपली पोर आपली नव्हतीच?"

"नव्हती."

"आन् ती व्हय म्हनली? रडली नाय, भांडली नाय, त्यांनी हिचं नाव पुसलं आन् ही हसत हसत व्हय म्हनली?"

"लिहिलंय तसं वाचलं मी, वहिनी."

आईनं सूप खाली ठेवलं. "आजवर लिहिलंय तसं वाचलंस का तू?"

आत्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. माझाही झाला असणार. इतकी वर्षं आम्ही दोघी हे गुपित जपत होतो.

"मला अक्षर कळत नाय, पान उलटलेलं कळतं," आई म्हणाली. "ती पोर आली की तुझं पान उलटत नव्हतं. निम्मी जुडी व्हायची तरी तू त्याच पानावर." बाकीच्या बायका हसल्या, आणि त्या हसण्यावरून कळलं की हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. अख्ख्या लिंबाखाली फसलेली मी एकटीच, आणि मीच तेवढी कॉलेजात जात होते.

"मग कधी बोलला का नाहीत?" आत्यानं विचारलं.

"बोलून काय करायचं? तू बंद केलं असतंस." आईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "आता नीट वाच. दरबारापासून."

लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथं कोण लेक आणि कोण सून ते मला नीट सांगता येणार नाही. आत्या आईला ऐकवत होती, की आई आत्याला, की दोघी मिळून ओट्यावरच्या पेपरला. पण आत्यानं पुस्तक उघडलं. दोन पानं मागे गेली. बोट ओळीवर ठेवलं. तिचा आवाज आता बदलला होता, लाडू पळवायचे तेव्हाचा झाला होता.

"मासाहेबांनी विचारलं, मुली, तू कोणाची? मशालजीच्या पोरीनं मान वर केली. ती म्हणाली, खांद्यावरची खूण कोणाची असेल ती असो. या खांद्यावर मशाल ज्यानं दिली, तो माझा बाप. आणि दाराबाहेर उभी आहे ती माझी आई. तिला आधी आत घ्या, मग लग्नाचं बोलू."

"घेतलं का आत?" शेजारणीनं विचारलं.

आत्यानं बोट ओळीवरून काढलं. "ते पुढच्या पानावर आहे," ती म्हणाली, "आणि हे शेवटचं पान आहे."

सोमवारी सकाळी मी तिच्याबरोबर गेले. मला पुढं कॉलेजला जायचं होतं. बालवाडीत लहान मुलांच्या खुर्च्यांवर मोठे पालक अवघडून बसले होते. अध्यक्षबाईंनी आत्याचं कौतुक केलं, वाणी किती शुद्ध ते सांगितलं, आणि म्हणाल्या, "आता आपली ओळख त्या स्वतःच करून देतील."

आत्या उठली. मी तिच्याकडे पाहिलं आणि ती आता काय करणार ते मला कळलं, कारण तिनं नकळत एक बोट पुढं धरलं होतं, ओळीवर ठेवतात तसं. तिनं नाव सांगितलं. आडनाव सांगितलं, आमचं. राहते कुठं ते सांगितलं, पंचवटी नव्हे. म्हणाली, "माझी वहिनी विड्या वळते. मीही वळते. वळता वळता शिकले. मुलांना गोष्टी चांगल्या सांगते." आणि ती बसली. एका आईनं टाळी वाजवायला हात उचलले होते, ते तिनं पदर सारखा करण्याकडे वळवले. अध्यक्षबाई हसतच होत्या. बाहेर आल्यावर त्या आत्याला म्हणाल्या, "अहो, मी तुमच्याच भल्यासाठी सांगत होते. बरं, कळवते." त्यांनी कळवलं नाही. पुढं काही वर्षांनी आत्याला अंगणवाडी मिळाली, आमच्याच वस्तीत, आमच्याच आडनावावर. पण ते त्या दिवशी कोणाला ठाऊक होतं?

मी कॉलेजला गेलेच नाही. वाटेत दुकानात दुसरा भाग परत केला. मालकानं विचारलं, "सगळी पानं होती ना?" मी म्हटलं, "होती. नको होती तीसुद्धा होती." आत्या हसली नाही. नळाजवळ तिला खोकल्याची उबळ आली तेव्हा तिनं माझा खांदा धरला.

लिंबाखाली सगळ्या बसल्या होत्या. आईनं तोंडावरूनच ओळखलं. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"कोनतं?"

"आपलं."

"आन्?"

"नाही देणार बहुतेक."

आईचे हात थांबले आणि पुन्हा सुरू झाले. हिला यातून सोडवायचं तिनं किती मनावर घेतलं होतं ते मलाच माहीत. आत्यानं पाय धुतले, आपलं सूप घेतलं आणि तिच्याजवळ बसली. अर्धा दिवस गेला होता, म्हणून ती भराभर पानं कापायला लागली. तेवढ्यात आईनं हात लांब करून तिच्या सुपातली मूठभर पानं उचलली आणि आपल्या सुपात टाकली. मग नामपूरच्या शेजारणीनं उचलली. मग एकेक करून सगळ्यांनी. आत्याच्या सुपात नुसती कात्री राहिली.

"अहो, हे काय?" आत्या म्हणाली. "आज पुस्तक कुठंय माझ्याकडे? आज मी वाचलंच नाही."

आई मान वर न काढता म्हणाली, "सकाळी वाचलंस ना. तेवढं पुरे. बस आता."